नऊ नंबरची चिप

"तिसऱ्या मजल्यावर कुठून जायचं हो?" एवढंच त्याने आधी विचारलं. सकाळचे साडेआठ झाले होते, मी लिफ्टपाशी जरा टेकले होते आणि माझ्या डोक्यात नऊ नंबरची चिप होती. आदल्या संध्याकाळपासून दुसरं काही नव्हतंच. मी त्याला लिफ्टचं बटण दाबून दिलं, वर गेल्यावर उजवीकडे काचेचं दार आहे म्हणून सांगितलं. तरी तो तिथेच घुटमळत राहिला. चाळिशीचा, गोलमटोल माणूस, बुटांच्या शिवणीत पांढरं पीठ बसलेलं. माझी नजर तिकडे गेली तसा हसला. "बेकरी आहे माझी. पहाटे भट्टी लावून तसाच आलोय. आज नुसत्या तपासण्या अन् सह्या, सुई उद्या नऊला." मग हातातला फॉर्म छातीशी धरून जरा हळू आवाजात म्हणाला, "हे नवं औषध ज्या आजारावर आहे, माझी बहीण त्यातच गेली. म्हटलं, आपला दंड तरी कोणाच्या उपयोगी पडू दे. तुम्ही इथल्याच ना? औषध सेफ आहे ना हो? कागदावर सगळं लिहिलंय म्हणा, पण माणसाला विचारलेलं बरं." मी म्हटलं, "तिसरा मजला. उजवीकडे." लिफ्ट आली, तो वर गेला, मी तळघराचा जिना उतरायला लागले आणि सहाव्या-सातव्या पायरीवर माझे पाय आपोआप थांबले. त्याने एक विचारलं होतं आणि मी दुसरंच सांगितलं होतं. तेही तोंड वर करून, मदत केल्यासारखं.

मी पेशी सांभाळते. या इमारतीत मला सव्वीस वर्षं झाली, त्यातली पहिली अकरा बाटल्या धुण्यात गेली. आमच्याकडे काय चालतं ते सांगायला मला फार आवडतं, पण ऐकायला कोणी थांबत नाही. नणंद पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणते, "ही लॅबमध्ये असते," आणि 'असते'वर असा काही जोर देते की वाटावं, मी तिथलं कपाट आहे. खरं तर सांगायला अवघड काही नाही. खोडरबराएवढा एक मऊ, पारदर्शक तुकडा, त्याला चिप म्हणायचं. त्यात एकावर एक अशा दोन बारीक वाटा, मध्ये जाळीदार पडदा. वरच्या वाटेत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर हवा खेळती ठेवायची. खालच्या वाटेत रक्तवाहिनीचं आतलं अस्तर वाढवायचं आणि त्यावरून द्रव वाहता ठेवायचा. दोन्ही कडांनी हवा खेचली की तुकडा ताणला जातो, सोडली की आवळतो. श्वास घेतो म्हणा ना. मग एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्या खालच्या वाटेत सोडायच्या. शरीरात काही परकं शिरलं की धावून जातात त्या ह्याच. एरवी त्या कशा चालतात ते एकदा बघाच. भिंतीला धरून लोळत लोळत, बाजारात एकेक दुकान न्याहाळत पण काही न घेता पुढे सरकणाऱ्या बायकांसारख्या. पंधरा वर्षं बघतेय, अजून कंटाळा नाही.

काल संध्याकाळी नऊ नंबरात त्या पुढे सरकत नव्हत्या. भिंतीला चिकटून चपट्या झाल्या होत्या, एकीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, असे पुंजके. आणि पुंजक्यांच्या आजूबाजूचं अस्तर आक्रसलेलं, पेशीपेशीत फटी पडलेल्या, थंडीत कातडं ओढल्यासारखं. वीस नंबरातही तेच. बाकीच्या बावीस चिपांत सगळं सुरळीत. बारा माणसांचं रक्त होतं, प्रत्येकाच्या वाटेला दोन चिपा, एकीत तिसऱ्या मजल्यावर माणसांना टोचायचं होतं ते नवं औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या चिपेत काय आणि रक्त कोणाचं, हे मला माहीत नसायचं. ते आमच्या लॅबच्या डॉक्टरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. बघणाऱ्याला आधीच कळलं तर डोळे हवं ते बघतात, म्हणून तसा नियमच होता. पाकीट शुक्रवारी उघडायचं. आज सोमवार, आणि बेकरीवाल्याची सुई मंगळवारी नऊला.

आमच्या कामासाठी वरची मंडळी थांबलेली नव्हती, हे सांगायला हवं. प्राण्यांमध्ये काही वाईट दिसलं नव्हतं, ताटलीतल्या पेशींमध्ये दिसलं नव्हतं, परवानग्या आलेल्या होत्या. आमच्या चिपा म्हणजे जेवण झाल्यावरची बडीशेप. वरच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना "तळघरातली रबरं" म्हटलं होतं आणि सगळे हसले होते, मीसुद्धा. का हसले असेन? सव्वीस वर्षांत माणसाला वेळेवर हसायची सवय लागते.

डॉक्टरांना मी काल संध्याकाळीच बोलावून दाखवलं होतं. आमचे डॉक्टर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, हुशार, मनाने फार चांगले, पण त्यांचं एकही वाक्य कधी संपत नाही. लॅबमध्ये सगळे त्यांना पाठीमागे 'अल्पविराम' म्हणतात. त्यांनी मायक्रोस्कोपात डोळा घातला आणि म्हणाले, "ताई, हे असं आहे, म्हणजे चोवीसात दोन, नळीत हवा शिरली असणार, बुडबुडा, आणि तसंही शुक्रवारी आपण, तोवर बघू, नाही का?" मी "बरं" म्हणून मान हलवली होती. बरं म्हणताना जिभेवर जी चव आली ती आता त्या पायरीवर परत आली. नाणं चघळल्यासारखी.

ती चव मला ओळखीची होती. बाटल्या धुणारी होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा इथे एक विद्यार्थिनी होती, वेणी पुढे घेऊन दातात धरून काम करायची. तिच्या उबदार पेटीत, जिथे पेशी सांभाळतात तिथे, मी रोज बाटल्या ठेवायची. एके दिवशी मला वाटलं, पेटी थंड आहे. मनगटाला कळलं, किंचितच, अर्धा अंश असेल. काटा मात्र बरोबर दाखवत होता. मी कोणाला सांगायचं? आणि मी कोण सांगणारी? मी बाटल्या ठेवल्या, दार लावलं. रोज ठेवत राहिले. सात महिन्यांनी कळलं की काटा बिघडलेला होता. तिचं दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं. जायच्या दिवशी ती माझ्याजवळ आली, माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही मात्र बाटल्या कधी फोडल्या नाहीत हं." त्या वाक्याने मला जितकं लागलं, तेवढं कोणी शिव्या देऊनही लागलं नसतं. मी घरी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

तळघरात आल्यावर कोट चढवला, हात धुतले आणि सगळ्यांत आधी नऊ नंबर काढला. पुंजके कालच्यापेक्षा मोठे. मी डोळा लावून बसले. बुडबुडा. आपल्याला वाटत नाही म्हणून बुडबुडा नाही, असं होत नाही ना? मग शांतपणे बघू लागले, जशी आई बघायची. आई काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. दुधी काचेमागे दिवा, समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकतायत आणि आई स्टुलावर. पाय सुजायचे, डोळे कधी थकले नाहीत. शाळेला सुट्टी असली की मला शेजारी बसवायची आणि सांगायची, हा बुडबुडा बघ, गोल, काळी किनार, आत काही नाही. ही चीर, हिला सुरुवात आहे अन् शेवट आहे. हा खडा, वितळायचा राहिलेला. "बुडबुड्याला घाबरायचं नाही," म्हणायची, "पण चिरेला बुडबुडा म्हटलं तर कोणाच्या तरी हातात फुटते." पगाराच्या पाकिटावर तिचं पद 'मदतनीस' असं लिहून यायचं. हजारो बाटल्या तिच्या नजरेखालून गेल्या आणि लोकांच्या घरी न फुटता पोचल्या. त्यासाठी तिचं नाव कोणी कधी घेतलं नाही. न फुटलेल्या बाटलीची आठवण कोण ठेवतं?

चिपेत बुडबुडा शिरला तर तो अस्तर खरवडून नेतो. वाहत्या दिशेने एक सरळ टक्कल पडलेला पट्टा उरतो, कडा स्वच्छ. इथे टक्कल नव्हतं. अस्तर जागेवर होतं, पण भेदरलेलं. आणि फटी वाहण्याच्या दिशेने नव्हत्याच, पुंजक्यांभोवती होत्या. मी नऊ बघितला, वीस बघितला, पुन्हा नऊ. मनात जी कुजबूज चालली होती ती थांबली. भीती गेली असं नाही. भीती होती, पण ती आता माझ्या पाठीमागे उभी होती, वाटेत नव्हती.

डॉक्टर दहाला आले. मी दारातच गाठलं.

"सर, पाकीट उघडा."

"ताई, अहो, ते शुक्रवारी, तुम्हाला तर माहितीय, आत्ता उघडलं तर सहा आठवड्यांचं काम, म्हणजे अर्थच उरत नाही त्याला, आणि—"

"माहितीय. चोवीसच्या चोवीस मीच वाढवल्यात. माझे रविवार गेलेत त्यात."

"मग?"

"तो बुडबुडा नाही. बुडबुडा कसा दिसतो ते मी तुम्हाला तुमच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. या दोन्ही चिपांत औषध आहे की नाही, एवढंच बघा. एकीत जरी पाणी निघालं तर माझं चुकलं. मग मी वर जाऊन स्वतः सांगेन की पाकीट माझ्या हट्टापायी उघडलं."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून डोळे चोळले. "आणि दोन्हीत औषध निघालं तरी तो योगायोग असू शकतो, दोनच तर आहेत, ताई."

"असू शकतो. पण उद्या नऊला वर आठ माणसं बाह्या वर करून बसणारेत. त्यातल्या एकाने मला सकाळी विचारलं, औषध सेफ आहे ना. मी त्याला जिना दाखवला."

खरं तर मी लिफ्ट दाखवली होती. पण ते महत्त्वाचं नव्हतं, आणि माझा आवाज कधी नव्हे तो चढला होता. पलीकडच्या टेबलावरची शिकाऊ मुलं पिपेट हातात धरून आमच्याकडे बघत होती. डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मग उठले, कपाट उघडलं, पाकीट फाडलं आणि यादीवरून बोट फिरवू लागले. बोट एका जागी थांबलं, खाली सरकलं, पुन्हा थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हळूहळू कोऱ्या कागदासारखा पांढरा पडला.

"दोन्हीत औषध आहे," ते म्हणाले. "वीस नंबर, लायब्ररीतल्या बाईंचं रक्त." थोडं थांबून, "आणि नऊ माझं."

इमारतीतल्या बारा जणांनी रक्त दिलं होतं, त्यांनीही दिलं होतं, त्यात विशेष काही नाही. पण मघाशी ज्या चपट्या पेशींकडे मी बघत होते, त्या ह्या माणसाच्या होत्या. माझ्यासमोर उभ्या असलेल्या, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलेल्या. त्यांनी खुर्ची ओढली, बाही वर केली आणि म्हणाले, "काढा. पुन्हा करू. आजच."

पुढचे सहा तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. त्यांची शीर पटकन सापडली. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरागरा फिरवून पांढऱ्या पेशींचा तो धुकट थर वर आला, तो मी श्वास रोखून उचलला. राखीव चार चिपा होत्या, अस्तर धरलेल्या, तयार. मी अट घातली की कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्यात पाणी ते डॉक्टरांनीच पलीकडच्या खोलीत भरायचं, वर फक्त आकडे घालायचे आणि मला सांगायचं नाही. ते म्हणाले, आता कशाला, माझा विश्वास आहे. मी म्हटलं, विश्वास तुमचा आहे, वरच्यांचा नाही. एक वाजता चारी चिपा सुरू केल्या. छप्पन्न वर्षांचा माझा हात, साबणाने खडबडीत झालेला, नणंद ज्याला क्रीम लाव म्हणून मागे लागते तो, केसाएवढ्या वाटेच्या तोंडाशी असा स्थिर राहिला की मला तो कोणा दुसऱ्याचाच वाटला आणि मी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. नंतर मनात आलं, दुसऱ्याचा कशाला? माझाच आहे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला म्हटलं असेन.

तीनपर्यंत काही नाही. चारी वाटांत बायका बाजार करत निघालेल्या. डॉक्टर माझ्यामागे येरझाऱ्या घालत होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. सव्वातीनला दोन नंबरात एक पेशी थांबली. एक थांबते कधीकधी. मग तिच्याशेजारी दुसरी. मी तीन नंबर लावला, तिथे चार थांबलेल्या, एकमेकींच्या अंगावर. एक आणि चार नंबर वाहते. पावणेपाचला मी उठले आणि म्हटलं, "दोन आणि तीन." डॉक्टरांनी खिशातला कागद उलगडून टेबलावर ठेवला. दोन आणि तीन.

त्यांनी तिथूनच फोन लावला. वरच्या साहेबांचा आवाज मला दोन हात लांबून ऐकू येत होता. परवानग्या, प्राण्यांचे अहवाल, आठ माणसांची आजची तपासणी, आणि शेवटी, "तुमच्या त्या रबराच्या तुकड्यांवरून?" मला वाटलं, आता ह्यांचं ते लांबलचक वाक्य सुरू होणार. पण डॉक्टर म्हणाले, "हो." मग म्हणाले, "उद्याची सुई नाही." मग, "त्या रांगेत मी असतो तर परवा दवाखान्यात असतो. लेखी पाठवतोय." आणि फोन ठेवला. चार वाक्यं, चारी पूर्ण. पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी रडायलाच लागली, आणि मी तिला म्हटलं, अगं, चिपेवर थेंब पडेल.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तेव्हाच ती पेटीची, दातात वेणी धरणाऱ्या मुलीची गोष्टही सांगितली, पंधरा-सोळा वर्षांनी. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आयुष्य त्या उभ्या विहिरीत गेलंय. भाजी चिरता चिरता ऐकत होता. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "आमच्यात एक ब्रेक असतो. लिफ्ट नको तेवढी वेगात खाली निघाली की आपणहून रुळाला पकडतो. तो लागला की आतली माणसं काय म्हणतात माहितीय? लिफ्ट अडकली म्हणून शिव्या देतात." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बेकरीवाला खाली भेटला तो वैतागलेलाच. भट्टी दुसऱ्यावर सोपवून आला होता, आणि इथे काही न सांगता परत पाठवत होते. "तुम्ही तरी सांगा, झालं काय?" म्हणाला. मी या वेळी जिना-लिफ्ट काही दाखवलं नाही. म्हटलं, "काल तुम्ही मला विचारलं होतंत ना, औषध सेफ आहे का. नाही. आम्हाला काल कळलं. घरी जा." तो माझ्याकडे बघत राहिला. आभार वगैरे मानले नाहीत, मानायचे असतात हे त्याला सुचलं नसेल. फॉर्मची चौकोनी घडी केली, खिशात घातली आणि ऊन पडलेल्या रस्त्यावर निघून गेला. मी तो वळेपर्यंत बघत होते. चालताना एक खांदा जरा खाली टाकायचा.

पुढे सगळं रीतसर झालं. दुसऱ्या एका लॅबने त्यांच्या चिपा, त्यांची माणसं घेऊन तेच करून बघितलं. वीस जणांत तिघांचं तसंच निघालं. औषध मागे घेतलं गेलं. तीन आठवड्यांनी वरची समिती बसली, नऊ जण, बहुतेक सगळे मोठे डॉक्टर. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवायला घेतले, तेवढ्यात अध्यक्षबाई, सत्तरीच्या, हातात काठी, म्हणाल्या, "फोटो राहू द्या. कोणी बघितलं हे पहिल्यांदा?" डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला. बाईंनी विचारलं, "तुमचं पद काय?" मी म्हटलं, "तंत्र सहायक." त्या म्हणाल्या, "पदाचं जाऊ दे. करता काय?" मी म्हटलं, "पेशी सांभाळते." "मग दाखवा," म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्याच.

ती सगळी वरात तळघरात आली. नव्याने सुरू केलेली चिप मायक्रोस्कोपाखाली तयार होती. अध्यक्षबाई स्टुलावर बसल्या, मी त्यांच्या हातावर हात ठेवून चाक फिरवलं. "डावीकडे जा. अजून. थांबा. आता घाई करू नका, दिसेल." पंपाची टकटक चालू होती. मग त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "हे माणसात झालं असतं."

"हो," मी म्हटलं.

त्या उठल्या, बाकीच्यांकडे वळल्या आणि काठीने स्टूल दाखवलं. "एकेक जण बसा. ह्या सांगतील तसं बघा." आणि ते सगळे, कोट घातलेले, पुस्तकं लिहिलेले, वरचे साहेबसुद्धा, माझ्या टेबलापासून दारापर्यंत रांगेत उभे राहिले. पहिला पुढे झाला, वाकला, आणि काहीच दिसत नाही म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आधी चष्मा काढा."